भंगारातला जपान



जुन्या वस्तूंची खरेदी म्हटली की कुणाला मुंबईचा चोरबाजार आठवतो, कुणाला पुण्याचा जुना बाजार. वरणगाव कुणालाच आठवत नाही. परदेशात यासाठी नटवलेली दुकानं असतात म्हणे. आपल्याकडे तसं दुकान नाही. आपल्याकडे भंगारवाला आहे. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला सायकलींचे सांगाडे, दुसऱ्या बाजूला रद्दीचे गठ्ठे, मधे वजनकाटा आणि कोपऱ्यात ज्याचं काय करायचं हे त्यालाही ठाऊक नसतं अशा वस्तूंचा ढीग. मी गेली काही वर्षं त्या कोपऱ्याचा गिऱ्हाईक आहे. आणि त्या कोपऱ्यात मला सर्वांत जास्त कोणता देश भेटला असेल, तर तो जपान!

तुम्ही म्हणाल, सर, वरणगाव कुठं नि जपान कुठं? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण एकेका वस्तूचा माग काढत गेलो, तसं लक्षात आलं की आठवी-नववीच्या इतिहास-भूगोलाचे निम्मे धडे या ढिगातच पडले आहेत. हा लेख त्या ढिगाबद्दल आहे, आणि तो वर्गात कसा नेता येईल याबद्दलही आहे.

आपल्या गावात इतकं जुनं सामान येतं कुठून?

वरणगावची रचना जरा डोळ्यांसमोर आणा. एक जुनं गाव – कापसाचं, केळीचं, वाड्यांचं. त्याला लागून आयुध निर्माणी, म्हणजे आपली फॅक्टरी, आणि तिची वसाहत. बंगालपासून केरळपर्यंतची माणसं नोकरीसाठी इथं आली, क्वार्टरमध्ये राहिली, निवृत्त झाल्यावर आपापल्या मुलखाला गेली. जवळच भुसावळ, रेल्वेचं मोठं जंक्शन. तिथंही हीच तऱ्हा. बदलीचा किंवा निवृत्तीचा कागद आला की सामान बांधायचं, आणि जे ट्रकमध्ये मावत नाही ते विकायचं.

दुसरा प्रवाह जुन्या घरांचा. माळवदाची घरं पाडून स्लॅबची होतात. भाऊ-भाऊ वेगळे होतात, वाटण्या होतात. शेत कुणाचं, विहिरीचं पाणी कुणाचं, यावर महिनोन् महिने बैठका चालतात. पण माळ्यावरच्या पेटीत काय आहे हे पाहायला कुणाला सवड नसते. पेटी तशीच हातगाडीवर जाते. पितळेला मोडीचा भाव, लोखंडाला किलोचा भाव, आणि चिनी मातीला? तिला भावच नाही. काचेच्या पोत्यात तिची रवानगी होते.

आणि जपानचं सामान असतं ते नेमकं चिनी मातीचं, काचेचं, पत्र्याचं आणि लाकडाचं. ज्याला भाव नाही तेच.

आधी वस्तू उलटी करा

मुलांना मी पहिला नियम हा शिकवला – वस्तू हातात आली की आधी उलटी करायची. कपाचं, बशीचं, फरशीचं पोट वाचायचं.

एकदा एका बशीच्या पाठीवर इंग्रजीत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं लिहिलेलं सापडलं. ताब्यातला जपान! दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, आणि एप्रिल १९५२ पर्यंत तो देश मित्रराष्ट्रांच्या सैन्याच्या ताब्यात होता. त्या काळात परदेशी जाणाऱ्या बऱ्याच मालावर ही अक्षरं असत. म्हणजे बशीवर तारीख नसली तरी बशीचं वय कळतं. मुलांना हा तपास फार आवडतो. पोलिसांसारखं वाटतं त्यांना.

त्याच ‘ताब्यातल्या’ वर्षांतली एक गोष्ट मी बशी फिरवत फिरवत सांगतो. युद्धात टोकियोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती मेले होते. तिथल्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला एक हत्ती पाठवा. १९४९ साली नेहरूंनी हत्तीण पाठवली. तिचं नाव ठेवलं होतं इंदिरा. एका मुलीनं यावर विचारलं, “सर, आपण पण पत्र लिहिलं तर जपान काही पाठवेल का?” मी म्हटलं, लिहून तर बघ. पत्रलेखनाचा तास तिथंच सुरू झाला.

दुसरी खूण फरशांची. एका जुन्या घराच्या देवघराच्या भिंतीतून निघालेली, हाताच्या पंजाएवढी चौकोनी, उठावाच्या नक्षीची, हिरव्या-गुलाबी रंगाची चकचकीत फरशी मला याच कोपऱ्यात मिळाली. समोर मोर, मागे जपानचं नाव. पहिल्या महायुद्धात इंग्लंडहून येणारा असा माल आटला आणि जपानी कारखान्यांनी ती जागा घेतली. अवाजी बेटावरची दांतो ही त्यातली एक नावाजलेली कंपनी. साधारण १९१५ ते १९३५ या वीस वर्षांत या फरशा हिंदुस्थानात खूप आल्या. गिऱ्हाईक ओळखण्यात ते लोक हुशार. त्यांनी आपल्यासाठी लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण यांच्या फरशा काढल्या, आणि चेहरे-पोशाख घेतले ते रविवर्म्याच्या चित्रांच्या धर्तीचे. आता गंमत बघा. राजा रविवर्म्याचा छापखाना आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला. तिथल्या चित्रांनी घराघरात देवाचा चेहरा कसा असावा हे ठरवलं. तो चेहरा समुद्रापार जाऊन भट्टीत भाजला गेला आणि परत आपल्या देवघरात येऊन बसला. काड्यापेट्यांचंही तेच. १९२३ साली ‘विमको’ निघून अंबरनाथला काड्यापेट्या होऊ लागण्याआधी त्या बऱ्याचशा स्वीडन आणि जपानहून यायच्या, आणि जपानी पेट्यांवर आपले देव छापलेले असायचे.

आणि शेवटी मनगटावरचं जपान. ‘एचएमटी जनता’ हे घड्याळ तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांना दहावी-अकरावी पास झाल्यावर मिळालं असेल. आपण त्याला अस्सल देशी मानतो, आणि ते आहेच. पण एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ-कारखाना १९६१ साली सुरू झाला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं. मी हे सांगितल्यावर वर्गातल्या मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, मग आमच्या काकांची आर-एक्स हंड्रेड?” बरोबर आहे, तीही यामाहाच. भंगारात तिचा सांगाडा आला तर पोरं जमतात, बशीसाठी जमत नाहीत!

कापूस गेला, कपबशी आली

आता मूळ प्रश्न. हा माल इथवर यायचं कारण काय? याचं उत्तर आपल्याच शेतात आहे.

१८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि जळगावची बाजारपेठ वाढली. ते युद्ध संपलं, भाव कोसळले. पुढं विसाव्या शतकाच्या तोंडावर नवं मोठं गिऱ्हाईक उभं राहिलं ते जपानच्या गिरण्यांचं. आपला कापूस आखूड धाग्याचा, इंग्लंडला तो फारसा रुचत नसे. जपानी गिरण्यांनी आखूड आणि लांब धाग्याचा कापूस मिसळून सूत काढण्याचं तंत्र बसवलं आणि हिंदुस्थानी कापूस भरभरून घ्यायला सुरुवात केली. मुंबईहून जपानला जाणाऱ्या मालाचं भाडं तेव्हा इंग्रजी जहाज कंपनीच्या मुठीत होतं. जमशेटजी टाटांनी जपानच्या ‘निप्पॉन युसेन काइशा’ या कंपनीशी हात मिळवला आणि १८९३ साली मुंबई आणि जपान यांच्यात नवी जहाजं सुरू झाली.

कापूस भरून गेलेलं जहाज परत येताना रिकामं थोडंच येणार? कापड आलं, काच आली, बांगड्या, बाहुल्या, चावीची खेळणी, कपबशा, घड्याळं आली. म्हणजे आपल्या भंगारवाल्याच्या कोपऱ्यातली ती बशी म्हणजे कुणाच्या तरी पणज्याच्या कापसाची उलट टपालानं आलेली पोच आहे, असं मी मुलांना सांगतो.

या व्यवहारात आपला शेतकरी कसा अडकला होता, हे १९३३ साली दिसलं. सरकारनं जपानी सुती कापडावरची जकात ७५ टक्के केली. जपानी गिरण्यांनी उलट हिंदुस्थानी कापूस घेणंच थांबवलं. गिरणीवाले खूश आणि कापूसवाले हवालदिल! १९३४ मध्ये करार झाला तो असा, की जपान जितका कापूस घेईल त्या मानानं त्याला कापड पाठवता येईल. आज बातम्यांत आयात शुल्क, निर्यातबंदी असे शब्द येतात तेव्हा मुलं जांभया देतात. पण एका हातात कापसाचं बोंड आणि दुसऱ्या हातात जपानी बाहुली धरून हाच विषय सांगितला, की प्रश्न विचारतात. यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. बांबू आणि गावच्या वस्तूंनी नंदलाल बोसांनी तो मंडप सजवला. स्वदेशी म्हणजे नेमकं काय आणि कशासाठी, हे त्या दोन वस्तू समोर असल्या की समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा ‘जपानी माल’ हा शब्द आपल्याकडे हेटाळणीनं वापरत. स्वस्त, दिसायला छान, आणि चार दिवसांत मोडणारा, म्हणजे जपानी माल. तोच देश युद्धात बेचिराख झाला, १९५० साली डेमिंग नावाच्या अमेरिकी तज्ज्ञाची व्याख्यानं तिथल्या कारखानदारांनी मन लावून ऐकली, १९५१ पासून दर्जासाठी त्यांच्याच नावाचा पुरस्कार सुरू केला, आणि माझ्या लहानपणी ‘ओरिजिनल जपान आहे’ म्हटलं की टेपरेकॉर्डरचा भाव दुप्पट व्हायचा. शब्द तेच, अर्थ पूर्ण उलटा. चाळीस वर्षांत!

‘भंगार’ नावाचा मुलगा

हे सगळं वर्गात आणायचं मी ठरवलं त्याला एक कारण होतं. आमच्या वर्गात एका भंगारवाल्याचा मुलगा होता. त्याचं नाव इथं देत नाही. वर्गातली मुलंही त्याला नावानं हाक मारत नव्हती. ‘ए भंगार’ म्हणत. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तो दरवर्षी ‘व्यापार’ लिहायचा. डबा एकटा खायचा. शिक्षकांनी रागावून अशी नावं बंद होत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. समोर बंद होतात, शाळेच्या मागे चालू राहतात.

मी ‘घरातली जुनी वस्तू’ असा उपक्रम जाहीर केला. अट एकच – वस्तू घरातली असावी किंवा परवानगी घेऊन आणलेली असावी, आणि तिच्याबद्दल घरच्या मोठ्या माणसाला विचारून पाच वाक्यं सांगावीत. मुलांनी अडकित्ते, पानदानं, पायली, आजीच्या बांगड्या, बंद पडलेले ट्रान्झिस्टर आणले. सगळ्यांची एकच अडचण झाली. हे पितळ आहे की पॉलिश केलेलं लोखंड? चिनी माती की नुसती माती? काच की प्लास्टिक? मलाही सगळं सांगता येईना.

तेव्हा तो मुलगा उठला. खिशातून लोहचुंबक काढलं – स्पीकरमधून निघालेलं, गोल. समईला लावलं. चिकटलं नाही. “पितळ आहे,” म्हणाला. दुसऱ्या तबकाला लावलं, टक्कन चिकटलं. “हे लोखंड, वरून पाणी दिलंय.” मग एक कप उचलला, खिडकीकडे धरला आणि आतून बोट फिरवलं, पलीकडून बोटाची सावली दिसली. “हा चांगला. याच्यातून उजेड येतो. त्या दुसऱ्या कपातून नाही येत, तो जाड मातीचा.” मग नखानं कडेवर टिचकी मारली. एक कप घंटीसारखा वाजला, दुसरा बद्द. “बद्द वाजला म्हणजे तडा गेलाय. दिसत नाही, पण आहे.”

वर्ग एकदम चिडीचूप. मग सगळ्यांनी रांग लावली, माझं बघ, माझं बघ. विज्ञानाच्या सरांना मी बोलावून घेतलं. त्यांनी चुंबकत्व, घनता, ध्वनी असे तीन तास त्यावर घेतले. तो मुलगा तेव्हापासून सगळ्यांचा लाडका झाला, असं काही मी लिहिणार नाही. मुलं इतक्या सहज बदलत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी एका मुलानं त्याला नावानं हाक मारून विचारलं, “आमच्या आजीची परात बघायला येतो का?” इतकं मी माझ्या कानांनी ऐकलं.

घड्याळाचा भाव कुणाचा?

त्यानंतरचा प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि पालकांनी तो जरूर वाचावा.

त्या मुलाच्या वडिलांच्या दुकानात एक टोल्यांचं घड्याळ आलं. लाकडी पेटी, लंबक, काचेचं दार, डायलवरची अक्षरं पुसलेली. आतल्या यंत्रावर ‘सेकोशा’ असं कोरलेलं. गावातल्याच एका म्हाताऱ्या बाईंनी ते विकलं होतं. लाकडाला भाव नाही, आतल्या पितळेचा मोडीचा भाव धरून तीनशे रुपये मिळाले होते. मला ते शाळेसाठी हवं होतं. अशा घड्याळाचे शहरात दोन-अडीच हजार सहज मिळतात हे मला ठाऊक होतं, आणि मी दोन हजार द्यायला तयार होतो. दुकानदार म्हणाला, “सर, तुम्ही म्हणाल ते.”

मी पैसे देण्याआधी हे गणित फळ्यावर लिहिलं. तीनशेला घेतलं, दोन हजाराला विकलं जातंय. वरचे सतराशे कुणाचे? दुकान, आजी, कुणाचंच नाव न सांगता.

काय वाद झाला म्हणून सांगू! एक गट म्हणाला, सगळे दुकानदाराचे. त्यानं जोखीम घेतली, जागा दिली. गिऱ्हाईक आलं नसतं तर घड्याळ फुटलंच असतं. दुसरा गट म्हणाला, सगळे आजीचे; तिला भाव माहीत नव्हता म्हणून काय झालं? एका मुलीनं मुद्दा काढला, “दुकानदाराला पण माहीत नव्हता ना? मग त्यानं फसवलं कुठं?” त्यावर कुणी म्हणालं, “आता तर माहीत झाला ना!” शेतकऱ्याच्या एका मुलानं सांगितलं, “आमच्या कापसाचं दरवर्षी असंच होतं. आम्हाला भाव नंतर कळतो.” वर्गात क्षणभर कुणी काही बोललं नाही. मी उत्तर दिलं नाही. फक्त एक गोष्ट सांगितली.

‘सेकोशा’ हा कारखाना काढणाऱ्या माणसाचं नाव किंतारो हात्तोरी. तोही सुरुवातीला जुनी, बिघडलेली घड्याळं दुरुस्त करून विकायचा. म्हणजे आपल्या भाषेत जुन्या मालाचाच दुकानदार! एकविसाव्या वर्षी, १८८१ साली त्यानं टोकियोत स्वतःचं दुकान मांडलं, १८९२ साली कारखाना काढला. आजची ‘सेको’ कंपनी ती हीच. १९२३ च्या मोठ्या भूकंपात कारखाना आगीत जळाला. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला दिलेली सुमारे दीड हजार घड्याळंही त्यात गेली. नैसर्गिक आपत्ती होती, कुणी जाब विचारला नसता. हात्तोरीनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि ज्यांची घड्याळं गेली त्यांना तसंच नवं घड्याळ फुकट दिलं.

मुलगा घरी गेला. रात्री त्यानं वडिलांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. दोन दिवसांनी दुकानदारानं मला बोलावलं. म्हणाला, “सर, चला, आजीकडे जाऊन येऊ.” मी घड्याळाचे दोन हजार दिले, त्यातले सातशे आणि आधी दिलेले तीनशे त्यानं स्वतःकडे ठेवले आणि हजार रुपये आजींच्या हातात दिले. आजींना काही केल्या कळेना, मोडीत घातलेल्या वस्तूचे पुन्हा पैसे कसले. दुकानदार म्हणाला, “माय, तुझं घड्याय चांगलं निघालं. हे तुझे.”

मी विचारलं, आजी, घड्याळ परत हवंय का? त्या म्हणाल्या, “नको रे बाप्पा. भितीवर जायं धरते. पोरं म्हणतात, टोले पडतात तं झोप लागत नाही.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “त्याची चावी आहे का आत? ती मले दे. दर रविवारी आमचा सासरा चावी द्यायचा. कोणाले हात लावू देत नव्हता.”

चावी पेटीच्या तळाशी होती. ती त्यांनी पदराला बांधली. भुसावळच्या एका घड्याळजींनी मापाची दुसरी चावी दीडशे रुपयांत दिली, तेल घातलं, आणि घड्याळ चालू झालं. दिवसाला सहा-सात मिनिटं मागं पडतं. का पडतं, आणि लंबकाखालचा स्क्रू फिरवून ते कसं सुधारायचं, हे सध्या नववीच्या मुलांचं काम आहे.

तुमच्या शाळेत, तुमच्या घरी

हा उपक्रम कुठल्याही गावात करता येतो. जपानच सापडेल असं नाही. कुठं जर्मनीचं घड्याळ निघेल, कुठं इंग्लंडचा कंदील, कुठं आपल्याच तांबट आळीतलं घंगाळ. काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा.

एक, वस्तूचं पाच ओळींचं ‘आधारकार्ड’ करायला लावा – कशाची, कुठली, घरात कुणी आणली, कशासाठी वापरली, बंद का पडली. पाचवा प्रश्न सर्वांत बोलका असतो.

दोन, पुरावा आणि ऐकीव माहिती वेगळी लिहा. ‘आजोबा म्हणतात दोनशे वर्षांची आहे’ हे ऐकीव. तळावरचा शिक्का हा पुरावा. दोन्हींना वहीत जागा हवी, पण वेगवेगळी.

तीन, सुरक्षितता. जुन्या रंगीत चिनी मातीच्या झिलईत शिसं असू शकतं; त्यात खाऊ-पिऊ देऊ नका. जुन्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या झटकन पेट घेतात. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळाचं डायल उघडू नका, त्यात रेडियम असू शकतं. ओळखी-पाळखीशिवाय कुठल्याही बाटल्या उघडू नका.

चार, कायदा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, शिल्पं, चित्रं अशा वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि त्यांच्या खरेदी-विक्रीला नियम आहेत. शेतात नांगरताना नाणी, मूर्ती सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते. तो कायदा १८७८ पासून आहे. मंदिरातली वस्तू कुणी विकायला आणली तर ती घ्यायची नाही, आणि का घ्यायची नाही हे मुलांना सांगायचं.

पाच, विकत घेणाऱ्यांनो, भाव पाडताना समोरच्याला काय माहीत नाही याचा फायदा घेऊ नका. मुलं आपल्याकडे बघत असतात.

जपानमध्ये ८ फेब्रुवारीला काही ठिकाणी सुयांचा कार्यक्रम असतो. वर्षभरात मोडलेल्या शिवणाच्या सुया देवळात नेतात आणि मऊ तोफूच्या वडीत खोचून ठेवतात. कठीण कापडातून आयुष्यभर गेलीस, आता मऊ जागी विसावा घे, असा त्यामागचा भाव. हे ऐकून माझ्या वर्गातली मुलं हसली नाहीत. खंडेनवमीला घरातली विळी-कोयती धुऊन हळद-कुंकू लावलेलं त्यांनी पाहिलेलं आहे, पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप चोळलेलं पाहिलं आहे. वापरलेल्या वस्तूचे उपकार असतात हे त्यांना कळतं. आपण मोठी माणसंच ते किलोवर मोजायला लागलो.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी असेच अडकित्ते, दिवे, कुलपं, भांडी लोकांच्या घरांतून आयुष्यभर गोळा केली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांचं संग्रहालय उभं केलं. सहल पुण्याला नेणार असाल तर तिथं जरूर न्या. पण त्याआधी एक सोपी सहल करा. आपल्या गावातल्या भंगारवाल्याला विचारून, वीस मुलांना घेऊन, एक तास त्याच्या दुकानात जा. त्यालाच मुलांशी बोलायला सांगा. तो म्हणेल, मला काय येतं सर? तुम्ही फक्त एक कप त्याच्या हातात द्या आणि विचारा, हा चांगला की तडकलेला, कसं ओळखायचं?

तुमच्या गावात काय सापडलं ते जरूर कळवा. आणि हो, घरातली पेटी भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. वस्तू नाही ठेवली तरी चालेल. चावी तरी काढून घ्या.